मोठ्या झाडाजवळ घर: इन्सुलेटेड राफ्ट की पाइल्स?

पारंबी (धागाकर्ता)

घर बांधायला घेतो आहे. प्रदेश थंड, वर्षातले निम्मे महिने घर तापवावं लागतं, त्यामुळे जमिनीतून ऊब जाऊ द्यायची नाही हे पहिल्यापासून पक्कं आहे. प्लॉटच्या एका अंगाला जुना ओक आहे. जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास ७० सेंटीमीटर भरतो. घराची त्या बाजूची भिंत बुंध्यापासून ९ मीटरवर येते. प्लॉट अरुंद, त्यामुळे घर आणखी लांब सरकवता येत नाही. माती चिकण, उन्हाळ्याच्या शेवटी बोट जाईल अशा भेगा पडतात.

आता गोंधळ असा. इन्सुलेशनवाला म्हणतो, खोल पाया कशाला? ३० सेंटीमीटर थर्मोकोलच्या ट्रेमध्ये राफ्ट (अख्ख्या घराखालचा एकसंध काँक्रीटचा स्लॅब) ओता, वजन सगळीकडे पसरेल आणि काँक्रीट थंड जमिनीला कुठेच टेकणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतो, झाड बघता पाइल्सच (जमिनीत खोल जाणारे खांब). पाइल्स म्हणजे इन्सुलेशनला जागोजागी भोकं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मधल्यामधे मी. झाड तोडायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांचं ठरलेलं आहे.

कुणी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय का?

काळीमाती

"चिकण माती" एवढ्यावर कुणी काही सांगत असेल तर ऐकू नका. आधी सॉइल टेस्ट. आणि रिपोर्टात नुसती भारवहन क्षमता नको, लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिक लिमिट (किती टक्के ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते आणि किती टक्क्यांना मळण्याजोगी होते) दोन्ही मागा. या दोहोंतला फरक म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स. तुमच्या पायाचं भवितव्य त्या एका आकड्यावर बरंचसं ठरतं.

ब्रिटनमध्ये नव्या घरांसाठी एनएचबीसीची जी मानकं वापरतात त्यांत झाडांजवळच्या पायावर स्वतंत्र प्रकरण आहे, ४.२. तिथे हा इंडेक्स जरा सुधारून घेतात: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून जितके टक्के माती खाली जाते, तितके टक्के धरायचे. इंडेक्स ४८ आला आणि ९० टक्के माती चाळणीतून गेली तर सुधारित आकडा ४३. मग १० ते २० म्हणजे कमी आकुंचन-प्रसरण, २० ते ४० मध्यम, ४० आणि वर म्हणजे जास्त. बोट जाणाऱ्या भेगा म्हणताय, तर तिसऱ्या वर्गाची तयारी ठेवा.

दुसरं, एक बोअर (मातीच्या नमुन्यांसाठी खोल भोक) झाडाजवळ आणि एक झाडाच्या पल्ल्याबाहेर घ्या आणि दोन्हींत दर अर्ध्या मीटरला ओलाव्याचं प्रमाण काढून घ्या. दोन आलेख एकमेकांवर ठेवले की झाडाने किती खोलपर्यंत पाणी ओढलंय ते उघड दिसतं. ओलावा लिक्विड लिमिटच्या ०.४ पटीखाली गेला असेल तर माती चांगलीच सुकलेली आहे असा ठोकताळा आहे. हा ठोकताळा ब्रिटिश चिकणमातीवर बेतलेला, तेव्हा दुसरीकडे जपून वापरायचा. तुलना मात्र कुठेही चालते.

ऊबदार

मी इन्सुलेशनवाल्याच्या बाजूने बोलतो, कारण इथे आता सगळे पाइल्स पाइल्स करणार हे दिसतंय.

इन्सुलेटेड राफ्टची कल्पना चांगलीच आहे. थर्मोकोलची उष्णतावाहकता साधारण ०.०३५. २०० मिमी थर घेतला तर रोध ५.७, म्हणजे यू-व्हॅल्यू (चौरस मीटरमागे दर अंशाला किती वॅट निसटतात ते) सुमारे ०.१७. ३०० मिमीला ०.१२ च्या आत. आणि हा थर भिंतीच्या इन्सुलेशनला अखंड जोडता येतो. जमिनीतून जाणारी उष्णता मुख्यतः कडेने जाते, घराच्या मध्यातून कमी. खोल चराच्या पायात नेमकी ती कडच उघडी राहते. स्कँडिनेव्हियात तर कडेच्या बाहेर आडवा इन्सुलेशनचा पंख टाकून उथळ पाया गोठण्यापासून वाचवतात. अमेरिकेतही अशा पायासाठी एएससीई ३२ हे मानक आहे. म्हणजे उथळ पाया म्हणजे कच्चा पाया, असं नाही.

आडवी_तुळई

ऊबदार यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे आणि इथे लागू नाही. तो स्कँडिनेव्हियन पंख गोठण्याने होणाऱ्या फुगवट्यावरचा इलाज आहे. इथला फुगवटा गोठण्याने नाही, झाडाने होतोय. थंडी अडवली तरी मुळं पाणी ओढायची थांबत नाहीत.

मोठा ओक भर उन्हाळ्यात दिवसाला शेकडो लिटर पाणी ओढू शकतो. चिकणमातीतून पाणी गेलं की ती आकसते, पावसाळी हिवाळ्यात पुन्हा फुगते. हे दरवर्षी. पण खालच्या थरात पाणी परत पोचेपर्यंत पुढचा उन्हाळा येतो, म्हणून तिथे कायमचा सुकवा राहतो. १९७६ च्या दुष्काळानंतर ब्रिटनमध्ये घरं खचल्याच्या विमा-दाव्यांची रीघ लागली, ती याच कारणाने.

आता भार बघू. लाकडी चौकटीचं नाही, साधं विटांचं दुमजली घर धरा. बाहेरच्या भिंतीखाली दर मीटरला ४० किलोन्यूटन येतात असं समजा. राफ्टची कड जाड करून ते ६०० मिमी रुंदीवर पसरवले तर दाब आला ६७ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला ६७ किलोन्यूटन. ज्याला १०० किलोपास्कलचा थर्मोकोल म्हणतात, त्याचा तो १०० हा आकडा १० टक्के दबल्यावरचा. वर्षानुवर्षं भार झेलायचा तर त्याच्या ३० टक्के धरायचे, म्हणजे ३०. २०० च्या प्रतीला ६०. दोन्ही नापास. ३०० च्या एक्सपीएसला (थर्मोकोलचाच जास्त घट्ट भाऊ) दीर्घकाळचे ११० ते १३० मिळतात, तो पास. म्हणजे कडेला एक्सपीएस आणि मधे थर्मोकोल घेतला तर भाराचा प्रश्न सुटतो. इन्सुलेशनवाला हा हिशोब बहुधा करूनच देतो.

तो जे करत नाही ते उलट्या दिशेचं गणित. २५० मिमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला ६ किलोन्यूटन. घराचं सगळं वजन धरून सरासरी २० ते २५ होईल. जास्त फुगणाऱ्या, सुकलेल्या मातीला पाणी मिळालं आणि तिला फुगू दिलं नाही तर तिचा दाब १०० च्या पुढे सहज जातो. ती घर उचलणार. तेही सपाट उचललं तर एकवेळ चाललं असतं. झाडाकडची बाजू आज सुकलेली आहे, पलीकडचा कोपरा ओला आहे. उचल तिरपीच होणार.

पारंबी

म्हणजे ३०० मिमी थर्मोकोल दबून तो फुगवटा गिळणार नाही? मला वाटलं होतं तेवढी गादी खाली आहे तर काम भागेल. इन्सुलेशनवालाही असंच काहीसं म्हणाला.

आडवी_तुळई

नाही. १०० च्या प्रतीचा ३०० मिमी थर १०० किलोपास्कलला ३० मिमी दबतो. तेवढा दबायच्या कितीतरी आधी स्लॅब वर गेलेला असतो, कारण त्याला उचलायला २५ पुरे आहेत. थर्मोकोल भार घ्यायला बनवलाय, तो चांगला असेल तितका फुगवट्यासाठी वाईट.

फुगवट्यासाठी त्याच्या उलट स्वभावाची वस्तू लागते: ओतताना ओल्या काँक्रीटचं वजन पेलेल आणि नंतर खालून थोडाही जोर आला की चिरडून जागा देईल अशी. बाजारात व्हॉइड फॉर्मर म्हणून मिळते. एनएचबीसीच्या तक्त्यात जागेवर ओतलेल्या अधांतरी (मातीवर भार न टाकणाऱ्या) स्लॅबखाली आणि ग्राउंड बीमखाली (जमिनीलगतच्या तुळईखाली) जास्त फुगणाऱ्या मातीसाठी १५० मिमी मोकळी जागा सांगितली आहे, मध्यमला १००, कमीला ५०. शिवाय बीमच्या आतल्या बाजूला उभी दबणारी शीट, जास्तला ३५ मिमी, मध्यमला २५. बाजूची शीट लोक विसरतात. माती वरच फुगते असं नाही, आडवीही ढकलते.

एक खबरदारी: १५० ही चिरडून झाल्यावर उरणारी हालचालीची जागा आहे, वस्तूची जाडी नव्हे. चिरडलेला चोथा जागा खातोच. उत्पादकाच्या कागदात दोन्ही आकडे असतात, ड्रॉइंगवर चुकीचा उचलला जातो.

पानगळ

वृक्षतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून झाडाच्या बाजूने.

या धाग्यात दोन वर्तुळं एकात एक मिसळली जाताहेत. पहिलं वर्तुळ झाडाला घरापासून वाचवण्याचं. ब्रिटिश मानक बीएस ५८३७ प्रमाणे त्याची त्रिज्या बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट, कमाल १५ मीटर. तुमच्याकडे ०.७ गुणिले १२, म्हणजे ८.४ मीटर. भिंत ९ वर. बाहेर आहे, पण फक्त ६० सेंटीमीटरने. भिंतीच्या बाहेर खोदाईला, शटरिंगला, माणसाला उभं राहायला जागा लागते, ती त्या वर्तुळात घुसणार.

दुसरं वर्तुळ घराला झाडापासून वाचवण्याचं. त्यात बुंधा मोजत नाहीत, झाडाची पूर्ण वाढलेली उंची धरतात. जास्त पाणी ओढणाऱ्या झाडांना उंचीच्या १.२५ पट, मध्यमला ०.७५, कमीला ०.५. ओक जास्तवाला, उंची २० मीटर धरतात, म्हणजे २५ मीटर. तुमचं अख्खं घर बहुधा त्यात आहे, एक भिंत नाही. निलगिरी, पॉप्लर, विलो, एल्म हेही जास्तवाले. बीच, अ‍ॅश मध्यम. बर्च कमी.

आणि उंची आजची नाही, पूर्ण वाढीची. पाच मीटरचं रोप बघून पाया ठरवणारे भेटतात.

आडवी_तुळई

पानगळ ताई, हे दोन वर्तुळांचं फार बरं लिहिलंत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक ८.४ च्या बाहेर गेलो म्हणजे सुटलो असं समजून येतात.

झाडं पल्ल्याबाहेर असतील तरी एनएचबीसीच्या मानकात किमान खोली आहेच: कमी फुगणाऱ्या मातीला ०.७५ मीटर, मध्यमला ०.९, जास्तला १.०. झाड जवळ आलं की तक्त्यातून खोली वाढत जाते आणि अडीच मीटरच्या पुढे गेली की तक्ता चालत नाही, इंजिनिअरचं स्वतंत्र डिझाइन लागतं. तेवढा खोल चर खणणं धोक्याचं, काँक्रीट उधळणारं आणि झाडाच्या दृष्टीने तर सर्वांत वाईट, कारण चर म्हणजे मुळांवर आरपार सुरी. तुमच्या इंजिनिअरने पाइल्स सांगितल्या त्या यासाठी.

बिनबुडाचा

एवढं सगळं करण्यापेक्षा झाड आणि घर यांच्या मधे रूट बॅरियर पुरला तर? जाड प्लॅस्टिकची शीट येते. दीड-दोन मीटर खोल. मुळं येणारच नाहीत, मग राफ्ट घाला.

पानगळ

नाही. मुळं शीटच्या खालून जातात, टोकाला वळसा घालून जातात, सांध्यातून जातात. आणि शीट पुरायला तोच चर खणावा लागतो, ज्यात झाडाची एका बाजूची मुळं तुटतात. ओकसारखं झाड वाऱ्याला उभं कशाच्या जोरावर राहतं? एनएचबीसीनेही पायाच्या खोलीला पर्याय म्हणून रूट बॅरियर नाकारलाय. फरसबंदी किंवा पाइपलाइन वाचवायला तो ठीक.

बिनबुडाचा

बरं, मग सरळ तोडायचं का नाही? भावना बाजूला ठेवून विचारतोय. झाडच नाही तर आकुंचन नाही.

आडवी_तुळई

भावना बाजूला ठेवूनच सांगतो, तोडलं तर इथे अवघड वाढेल. झाड आहे तोवर माती सुकते. तोडलं की इतक्या वर्षांत ओढलेलं पाणी हळूहळू परत येतं आणि माती फुगत राहते. चिकणमातीतून पाणी फार सावकाश झिरपतं, म्हणून हा फुगवटा कैक वर्षं, कधी दशकाहून जास्त चालतो. एखाद्या हंगामाची उठबस नव्हे ती, एकाच दिशेने चाललेली उचल. म्हणून प्लॉटवर पूर्वी झाड असेल आणि काढलं असेल तरी पाया ते आहे असं धरूनच करतात. पारंबी, जुने हवाई फोटो किंवा नकाशे मिळाले तर बघा, घराच्या पलीकडच्या कोपऱ्यात एखादं झाड आधी होतं का. तिथला बोअर ओला येईल अशी तुमची अपेक्षा आहे, पण सुका आला तर आश्चर्य नको.

ऊबदार

बरं, पाइल्स मान्य. पण आता माझं ऐका, कारण पाइल्स म्हटल्यावर इंजिनिअर मंडळी इन्सुलेशनचं "बघू नंतर" करतात. १०० चौरस मीटरचा स्लॅब, २० पाइल्स, प्रत्येकी ३०० मिमी व्यास. सगळ्या माथ्यांचं क्षेत्रफळ मिळून १.४ चौरस मीटर, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. "दीड टक्का, सोडून द्या" असं म्हणतात.

काँक्रीटची वाहकता २ धरा. २०० मिमी इन्सुलेशनच्या जाडीत काँक्रीटचा रोध ०.१, इन्सुलेशनचा ५.७. उरलेल्या ९८.६ चौरस मीटरमधून दर अंशाला १७ वॅट जातात, आणि त्या १.४ मधून १४. जवळजवळ तेवढेच! हा कच्चा आणि वरच्या अंगाचा हिशोब आहे. जमिनीचा स्वतःचा रोध धरला की दोन्ही आकडे उतरतात आणि पाइलचा जास्त उतरतो. तरी दीड टक्का क्षेत्रफळ म्हणजे दीड टक्का तोटा हा समज धरू नका.

आडवी_तुळई

हिशोबाला हरकत नाही. उपाय सांगा, म्हणजे मी त्यात काय मोडतं ते सांगतो.

ऊबदार

पाइलच्या माथ्यावर, स्लॅब आणि पाइल कॅप (पाइलवरची काँक्रीटची टोपी) यांच्या मधे, फोमग्लासचा ठोकळा. काचेचाच फेस, पाणी पीत नाही, वाहकता ०.०५ च्या आसपास, ताकद ग्रेडनुसार ०.६ ते १.६ मेगापास्कल.

आडवी_तुळई

पाइलवर १५० किलोन्यूटन येतात असं धरू. ३०० मिमीच्या माथ्यावर सरळ ठेवला तर २.१ मेगापास्कल, ठोकळ्याचा चुरा. ६०० बाय ६०० ची कॅप केली तर ०.४२. १.६ च्या ग्रेडला सुरक्षागुणक ३ लावला तर ०.५३ मिळतात. म्हणजे जमतं, पण सर्वांत वरचा ग्रेड घेऊन आणि काठावर. आणि त्यातून सळई आरपार नेता येत नाही. नेली तर ती सळईच थर्मल ब्रिज (उष्णतेची पळवाट), नाही नेली तर स्लॅब पाइलला बांधलेला नाही. वारा आणि आडवा भार कुठे जाणार याचं उत्तर वेगळं काढावं लागतं. भूकंपप्रवण भागात मी हे करणार नाही.

ऊबदार

दुसरा मार्ग: पाइलला वरच्या एक मीटर भागात बाहेरून इन्सुलेशन गुंडाळा. उष्णतेला जमिनीत शिरायला एक मीटर काँक्रीटमधून खाली जावं लागेल, रोध ०.१ वरून ०.६ होतो. वरचे १४ वॅट अडीचवर येतात, त्याच कच्च्या हिशोबाने.

आडवी_तुळई

हे आवडलं, कारण यात माझाही फायदा आहे. फुगणारी माती पाइलच्या वरच्या भागाला घट्ट धरते आणि पाइल उपटायला बघते. म्हणून तिथे तसंही घर्षण तोडणारं स्लीव्ह घालतो, शिवाय पूर्ण लांबीला ताणाच्या सळया देतो. स्लीव्ह आणि इन्सुलेशन एकाच वस्तूत बसवता आलं तर उत्तम. मात्र तेवढ्या उंचीत मातीचा आडवा आधार जातो, तो पाइलच्या डिझाइनमध्ये आधीच धरायला हवा. साइटवर आयत्या वेळी गुंडाळायचं नाही.

तरीही माझी पसंती तिसऱ्या रचनेला आहे, आणि ती सर्वांत कंटाळवाणी आहे. खालून वर: माती, व्हॉइड फॉर्मर, पाइल्सना नीट सळईने बांधलेला अधांतरी स्लॅब, त्याच्यावर ओलरोधक पडदा, त्याच्यावर २०० ते २५० मिमी इन्सुलेशन, त्यावर ७० मिमी स्क्रीड (फरशीखालचा मसाल्याचा थर). हवं तर स्क्रीडमध्ये तापवायचे पाइप. इन्सुलेशन स्लॅबच्या वर आलं, त्यामुळे पाइल्सचा प्रश्नच उरत नाही. स्लॅब थंड राहिला तर राहू दे. इन्सुलेशनवर फक्त स्क्रीड, माणसं आणि सामान, त्याला साधा थर्मोकोल पुरतो. माती फुगली तर व्हॉइड फॉर्मर चिरडतो. स्लॅब फक्त स्लॅबचं काम करतो.

ऊबदार

आणि भिंती? भिंती स्लॅबवर उभ्या राहणार, म्हणजे इन्सुलेशनचा थर प्रत्येक भिंतीखाली तुटणार. २० पाइल्सची भोकं बुजवून तुम्ही ४० मीटर लांबीची फट उघडलीत!

आडवी_तुळई

खरं आहे. म्हणून भिंतीचा पहिला थर कमी वाहक ठोकळ्यांचा. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वाहकता प्रतीनुसार ०.११ ते ०.२, काँक्रीटच्या दहावा हिस्सा. इथे फोमग्लास बिनधास्त चालतो, कारण भिंतीचा भार लांबीवर पसरलेला असतो: ४० किलोन्यूटन २०० मिमी रुंदीवर म्हणजे ०.२ मेगापास्कल. पाइलच्या माथ्यावरच्या निम्म्याहून कमी. आतल्या भिंती हलक्या पार्टिशनच्या करून स्क्रीडवरच उभ्या केल्या तर फट फक्त बाहेरच्या कडेला राहते. तिथे स्लॅबच्या बाहेरच्या उभ्या बाजूलाही इन्सुलेशन खाली उतरवा.

ऊबदार

हे झालं तर माझी हरकत कोपऱ्यातल्या पृष्ठभागाच्या तापमानापुरती उरते. बाहेरच्या कोपऱ्यात, स्कर्टिंगच्या मागे, गारवा राहून बुरशी धरते. त्या एका सांध्याचं थर्मल मॉडेल करून घ्या, बाकी घराचं नाही केलं तरी चालेल.

आंबेमोहर

वाचनखूण साठवली. एक शंका: आमच्यासारख्या उष्ण हवामानात जमिनीखाली इन्सुलेशन घालावं का? हल्ली इकडेही जाहिराती दिसतात.

ऊबदार

बहुतेक वेळा नाही. काही मीटर खोल जमिनीचं तापमान वर्षभर त्या जागेच्या सरासरी हवेच्या तापमानाजवळ असतं, म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा पुष्कळ कमी. फरशीतून उष्णता जमिनीत जाते ती तुमच्या भल्याचीच. छताला घाला. पायाच्या झाडाबिडाच्या गोष्टी मात्र तुम्हाला जशाच्या तशा लागू, काळी माती तर फुगण्यात कुणाला हार जात नाही. भारतात त्यासाठी तळाशी कंद असलेल्या अंडर-रीम्ड पाइल्स वापरतात, त्यांच्यासाठी आयएस २९११ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. कंद खालच्या स्थिर थरात अडकतो आणि पाइल उपटली जात नाही.

काळीमाती

अवांतर, पण वाळवीचं कुणीच बोललं नाही. वाळवी थर्मोकोल खात नाही, त्यातून बोगदे करते. जमिनीखालचा फोम म्हणजे तिला दिसणार नाही असा रस्ता, सरळ लाकडापर्यंत. अमेरिकेच्या निवासी कोडमध्ये वाळवीचा अतितीव्र धोका असलेल्या पट्ट्यात जमिनीखाली फोम वापरण्यावर सरसकट बंदी आहे, मोजके अपवाद सोडून. जिथे वाळवी आहे तिथे तुळईसाहेबांची तिसरी रचना आणखी बरी, कारण फोम स्लॅबच्या वर येतो. बाहेरच्या कडेचा उभा फोम मात्र जमिनीपासून वर दिसेल असा १५० मिमी पट्टा सोडून तोडा, म्हणजे वाळवीच्या नळ्या डोळ्यांना दिसतील.

पारंबी

धागा टाकताना एवढं अपेक्षित नव्हतं. तिसरी रचना घेऊन इंजिनिअरकडे जातो आहे. पानगळ ताई, पाइल्स झाडाजवळ खणताना मुळांचं काय?

पानगळ

बहुतेक मुळं वरच्या ६०० मिमी ते एक मीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही दूरवर जातात. झाडाकडच्या ओळीतल्या प्रत्येक पाइलच्या जागी वरचा तेवढा भाग हाताने किंवा हवेच्या झोताने खणून बघा. २५ मिमीहून बारीक मूळ स्वच्छ कापता येतं. त्याहून जाड मूळ आलं तर कापायचं नाही, माझ्यासारख्या कुणालातरी बोलवायचं आणि शक्यतो पाइल सरकवायची. म्हणून इंजिनिअरला आधीच सांगा की त्या ओळीत पाइल इकडेतिकडे २०० ते ३०० मिमी सरकली तरी स्लॅबला चालेल अशी सळई द्या. हे आधी सांगितलं तर थोडं जादा स्टील, नंतर सांगितलं तर भांडण. स्क्रू पाइल्स (स्क्रूसारख्या पिळून जमिनीत घालायच्या) मिळत असतील तर विचारा. त्यांना ओलं काँक्रीट मातीत सोडावं लागत नाही आणि यंत्र लहान असतं.

यंत्रावरून आठवलं: मुळं तुटण्याइतकंच नुकसान ट्रक आणि मिक्सरच्या चाकांखाली माती दबून होतं, फक्त ते दोन-तीन वर्षांनी पानांत दिसतं. खोदाई सुरू व्हायच्या आधी ८.४ मीटरच्या वर्तुळावर पक्कं कुंपण. त्यात माती, विटा, सिमेंटच्या गोण्या काही ठेवायचं नाही. भराव टाकून जमिनीची पातळीही वाढवायची नाही, मुळांना हवा लागते.

आडवी_तुळई

आणि सांडपाण्याचे पाइप. अधांतरी स्लॅब हलत नाही, खालची माती हलते, पाइप दोन्हींतून जातो. पाइप मातीत पुरून स्लॅबमधून घट्ट वर काढला तर पहिल्याच मोठ्या फुगवट्यात सांधा तुटतो, गळती लागते, आणि गळक्या पाइपकडे ओक आनंदाने मुळं पाठवतो. स्लॅबखालचे पाइप स्लॅबलाच लटकवून घ्या, घराबाहेर पडतात तिथे दोन लवचीक सांधे द्या आणि उतार नेहमीपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे माती वरखाली झाली तरी पाणी उलटं फिरणार नाही. हे प्लंबरच्या ड्रॉइंगवर यायला हवं, माझ्या नाही. माझ्यावर असलं तर प्लंबर ते बघत नाही.

पारंबी

स्लॅबला लटकवलेले पाइप व्हॉइड फॉर्मरच्या १५० मध्येच बसवायचे का? मग तिथे माती फुगली तर पाइप चिरडेल ना?

आडवी_तुळई

हो, म्हणूनच पाइपच्या ओळीत खोदाई खोल घ्यायची, पाइपच्या खाली पुन्हा पूर्ण १५० मोकळे राहतील अशी. झाडाच्या उलट बाजूने पाइप बाहेर काढता आले तर ती खोदाईही मुळांपासून लांब राहील. बाथरूम कुठे ठेवलंय?

पारंबी

झाडाकडे. खिडकीतून ओक दिसावा म्हणून. आर्किटेक्टशी बोलतो.